अहवालातलं एक वाक्य

काका गेल्याला महिना झाला, त्याच्या पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न निघाला, आणि तेव्हा कुठे बारकीला त्या घरातून फोन आला. चोवीस वर्षांनी. फोन दादाचा, म्हणजे काकाच्या मुलाचा. "रविवारी सकाळी ये. अण्णांनाही आण. पुस्तकांचं ठरवायचंय," एवढं बोलून त्यानं ठेवून दिला. ती हो म्हणाली की नाही, हे ऐकायलाही थांबला नाही.

बारकी सत्तेचाळीस वर्षांची होती. विद्यापीठात शिकवायची आणि तिथल्या तक्रार समितीची अध्यक्ष होती. तिच्या खोलीत शिरताना भलेभले विभागप्रमुख शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचे. पण सगळ्या सख्ख्या-चुलत भावंडांत शेवटची म्हणून लहानपणी जे नाव पडलं, ते त्या घरात तसंच राहिलं होतं.

रविवारी अण्णांना घेऊन ती जिने चढू लागली. अण्णा तिचे वडील, काकाचे थोरले भाऊ, वय ब्याऐंशी. गेली चोवीस वर्षं ते दर महिन्याला न चुकता धाकट्या भावाकडे जाऊन यायचे. आणि तिकडचा एक शब्द इकडे आणायचे नाहीत, की इकडचा तिकडे न्यायचे नाहीत.

दुसऱ्या मजल्यावर ते दम खायला थांबले.

"एक सांगू?"

"सांगा ना."

"तो एक कागद पुढे करेल. सही करून टाक. माणूस गेला, आता कशाला ताणायचं."

"कसला कागद?"

अण्णांनी कठडा घट्ट धरला. "ते त्याचं तो सांगेल. मी आपलं आधी कानावर घातलं."

म्हणजे अण्णांना ठाऊक होतं. ते दादाच्या बाजूला उभे होते आणि तिला वरपर्यंत सोबत करत होते.  बारकीनं त्यांच्या कोपराखाली हात धरला आणि दोघं पुन्हा चढू लागले.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि वास आला, जुन्या कागदाचा, लाकडाच्या पॉलिशचा, आणि काकाच्या त्या कडक चहाचा, जो कपाटांच्या लाकडात कायमचा मुरला असावा.  या घरात बारकीनं आपल्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार घालवले होते. आईवडील दूरच्या गावी, ती विद्यापीठाच्या वसतिगृहात, आणि दर रविवारी काकाकडे. त्याच्याही आधी, शाळेत असल्यापासून, सुट्टी लागली की ती इथेच.

काकाचा एक खेळ होता. शब्दकोश मांडीवर घ्यायचा, डोळे मिटून पान उघडायचं, बोट टेकवायचं. ज्या शब्दावर बोट पडेल तो बारकीचा. त्या दिवशी जेवायच्या आत तो कुणालाही न कळता बोलण्यात वापरून दाखवायचा. सात वर्षांची असताना तिला एका दिवशी दोन शब्द आले. तेव्हा काकाकडे एक जाडजूड पाहुणे आले होते, आणि त्यांची हवापाण्यावरची टकळी काही केल्या थांबत नव्हती. बारकी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचं बोलणं निखालस अवांतर आहे." काकूनं कपाळावर हात मारला. काका मात्र इतका हसला की त्याला उचकी लागली, आणि ती दुपारपर्यंत थांबली नाही.

शब्दांचं वेड तिला त्यानं लावलं. सायकल त्यानं शिकवली. पहिल्यांदा कुणाशी वाद घालताना आवाज न चढवता कसं बोलायचं, तेही त्यानंच शिकवलं. पुढे ते तिनं त्याच्याचविरुद्ध वापरलं.

"बस," दादा म्हणाला.

दादा डोळ्यांचा डॉक्टर. पन्नाशीला आला होता, केस पांढरे झाले होते, आणि बसायची ढब हुबेहूब काकाची झाली होती. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता, त्यावर पेपरवेट. खिडकीजवळच्या खुर्चीत काकू. चष्मा मांडीवर, हात चष्म्यावर. तिनं बारकीकडे पाहून मान हलवली. तिला ये म्हणायचं होतं की काय म्हणायचं होतं, बारकीला कळलं नाही. दादाची एकोणीस वर्षांची मुलगी कपाटासमोर बसून पुस्तकांची यादी लिहीत होती. बारकीला पाहताच ती ताडकन उठली.

"नमस्कार मॅडम."

"अगं, आत्या आहे ती तुझी," अण्णा म्हणाले.

"हो, पण..." मुलगी गोरीमोरी झाली. "पहिल्या दिवशी आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून समितीची माहिती दिली ना, तेव्हा मॅडमच होत्या त्या."

बारकीला हसू आलं. "इथे आत्या म्हण. तिथे मॅडम म्हण. दोन्हींची सवय आहे मला."

दादानं घसा साफ केला. पुस्तकं तीन हजार चारशे होती. त्यातली काही आता कुठेच मिळत नव्हती. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ती हवी होती, ग्रंथपाल येऊन पाहूनही गेला होता. तिथली दुसऱ्या मजल्यावरची उजवीकडची खोली त्यासाठी रिकामी करून द्यायला ते तयार होते.

"एकच अट आहे माझी," दादा म्हणाला. "त्या खोलीला बाबांचं नाव. पण त्यांच्याकडे नियम आहे. ज्याच्यावरची तक्रार मान्य झाली असेल, त्याचं नाव कुठल्या दालनाला द्यायचं तर तुमच्या समितीचं लेखी 'हरकत नाही' लागतं." त्यानं कागद पुढे सरकवला. "नियम तूच करून घेतलायस, नऊ वर्षांपूर्वी. मी चौकशी केली."

बारकीनं कागद वाचला. भाषा स्वच्छ होती. एकही शब्द जास्तीचा नव्हता. काकाला आवडला असता.

"मी यावर सही करू शकत नाही. मी नात्यातली आहे. अशा वेळी अध्यक्षानं बाजूला व्हायचं असतं."

"पळवाट आहे ही," दादा म्हणाला.

तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. नियमाच्या आड उभं राहणं किती सोपं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? लोक रोज तिच्यासमोर तेच करायचे.

"बरं, मग सरळ सांगते," ती म्हणाली. "सही करता आली असती, तरी मी केली नसती."

अण्णांनी सुस्कारा सोडला. "अगं, एक पाटी तर आहे. पाटीनं काय होतंय?"

"अण्णा, दर वर्षी नव्या मुली त्या खोलीत अभ्यासाला बसणार. त्यांना ती पाटी काय सांगेल?"

"सांगेल की इथे एक मोठा शिक्षक होऊन गेला."

"होता मोठा," बारकी म्हणाली. "मला विचारा ना. माझ्याइतकं कुणाला कळणार?" 

तेवढ्यात दादाची मुलगी म्हणाली, "कसली तक्रार?"

दादानं पेपरवेट उचलून कागदावर परत ठेवलं.

"बाबा, आजोबांनी नोकरी सोडली ती राजकारणामुळे ना? तुम्हीच सांगितलंत."

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. अण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मुलगी एकेकाकडे पाहत पाहत शेवटी बारकीकडे वळली. "आत्या, तुम्ही सांगा."

बारकीनं दादाकडे पाहिलं. तो नाही म्हणाला असता, तर ती कदाचित गप्प बसली असती. तो काहीच म्हणाला नाही.

मग तिनं सांगितलं. वसतिगृहात तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण तिच्याहून दोन वर्षांनी मोठी होती आणि काकाच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. काकाच्या विभागातल्या खोलीत चर्चेला जायची. एकदा त्यानं दार आतून लावून घेतलं. मग पुन्हा. तिनं हात झटकला, जायचं टाळलं, तेव्हा प्रबंधाची प्रकरणं सहीशिवाय परत यायला लागली. हे सगळं तिनं बारकीला सांगितलं तेव्हा बारकी दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. "मला वाटलं, ती खोटं बोलतेय. कारण तो माझा काका होता. ते दोन दिवस मला अजून आठवतात."

"मग?"

"मग तक्रार करायला गेलो, तर तक्रार करायची सोयच नव्हती. रजिस्ट्रारच्या ऑफिसनं आम्हाला वसतिगृहाच्या तक्रारवहीत लिहायला सांगितलं. वर कुणीतरी लिहिलं होतं, पंखा आवाज करतो. खाली होतं, मोरी तुंबली आहे. आणि मध्ये हिचं."

मुलीचं तोंड किंचित उघडं राहिलं.

"म्हणून आम्ही मुख्य इमारतीच्या जिन्यावर जाऊन बसलो. अकरा दिवस."

आणि ते अकरा दिवस आठवले तशी बारकीची मुद्रा तिच्या नकळत मवाळ झाली. काय दिवस होते ते. पहिल्या सकाळी सात जणी होत्या, चौथ्या दिवशी जिना भरला, सातव्या दिवशी खालच्या अंगणापर्यंत रांग. कुणी रसायनशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन सूत्रं पाठ करतेय, कुणी दुसरीच्या केसांची वेणी घालतेय. एक उंच मुलगी रोज हजेरी घ्यायची, आणि गैरहजर राहणारीला दुसऱ्या दिवशी दोन घोषणा जास्त द्यायला लावायची. टायपिंग विभागातल्या एक बाई, रिटायर व्हायला वर्ष उरलेलं, रोज सकाळी कुणाला न सांगता बायकांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप उघडून ठेवायच्या आणि पाचला येऊन लावायच्या. त्यांनी एकदाही घोषणा दिली नाही. पण त्या नसत्या, तर अकरा दिवस निघाले नसते.

"मागण्या तीनच होत्या," बारकी म्हणाली. "वेगळी नोंदवही. चौकशीत विद्यापीठाबाहेरचा एक तरी माणूस. आणि निकालाची प्रत तक्रार करणारीच्या हातात. आज तुला सभागृहात जे सगळं सांगतात ना, कलमं आणि मुदती, ते त्या तीन ओळींतून निघालंय. कुलगुरूंनी सही केली तेव्हा आम्हाला टाळ्या वाजवायचंसुद्धा भान नव्हतं. निम्म्या जणी झोपल्या होत्या."

"आणि तू साक्ष दिलीस," दादा म्हणाला. इतका वेळ तो पाठमोरा होता, आता वळला. "ते सांग तिला. याच घरात जेवायचीस, आणि तू त्यांच्याविरुद्ध साक्ष दिलीस. आणि झालं काय? विद्यापीठानं तुमच्याच नियमाप्रमाणे चौकशी केली, बाहेरचा माणूस बसवला, तक्रार मान्य केली, आणि त्याच अहवालात लिहिलं काय?" ते वाक्य त्याला तोंडपाठ होतं. "'तक्रारीमागे शैक्षणिक नाराजी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' तिचं प्रकरण नापास झालं आणि मग तिला हे सगळं सुचलं. चोवीस वर्षं मी या वाक्यावर जगलोय."

"तीही," बारकी म्हणाली. "तीसुद्धा याच वाक्यावर जगतेय. प्रबंध पुरा केलाच नाही तिनं. आता बियाण्यांच्या कंपनीत पत्रकं लिहिते. मी पुरावा शोधला, दादा. प्रकरण परत येण्याआधी तिनं कुणाला सांगितलं असेल, तर ते वाक्य खोडता येईल. पण मला तिनं सांगितलं ते नंतर. त्याआधी कुणालाच नाही."

"मला," काकू म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. काकूनं चष्मा घातला होता.

"मला सांगितलं होतं तिनं. इथे आली होती, दुपारची. तुम्ही कुणी नव्हता. बाहीची शिवण उसवली होती, सेफ्टी पिन लावली होती वर. मी म्हटलं, दे इकडे, दोन टाके घालते. ती बाही पुढे करून बसली, मी शिवत होते, आणि ती सांगत होती."

"आई," दादा म्हणाला.

"थांब. मला एकदाच बोलता येईल." काकू त्याच्याकडे न बघता बोलत होती. "सगळं ऐकलं मी. दोरा तोडला. आणि म्हटलं, अभ्यासाकडे लक्ष दे, असल्या गोष्टी बोलून आपलंच नुकसान होतं. तिनं मला थँक्यू म्हटलं. शिवण्याबद्दल."

अण्णांनी अगदी हळू विचारलं, "कधीची गोष्ट ही?"

"कधीची ते पक्कं आहे, भाऊजी. ती गेली आणि पाठोपाठ पोस्टमन आला. याचं हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र घेऊन." तिनं दादाकडे बोट केलं.

दादा खाली बसला. ते पत्र सप्टेंबरात आलं होतं. प्रकरण परत आलं होतं जानेवारीत. त्या संध्याकाळी घरात केवढा आनंद झाला होता, ते बारकीलाही आठवत होतं. काकानं दादाला उचलायचा प्रयत्न केला होता, सव्वीस वर्षांच्या घोड्याला, आणि त्याची पाठ धरली होती. काकू स्वयंपाकघरातून लवकर बाहेर आलीच नव्हती. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडत असेल.

"तेव्हा का नाही बोललीस?" दादाचा आवाज चिरकला.

"तुझ्या नोकरीला चार महिने झाले होते. या बारकीचं लग्न ठरायचं होतं. आणि तो मला आवडायचा." काकूनं हे शेवटचं अगदी साधेपणानं सांगितलं. "अजून आवडतो. तोच तर सगळा घोटाळा आहे."

अण्णा उठले. काठी टेकत टेबलापाशी आले, पेपरवेट बाजूला केलं, आणि दादाचा कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. जिना चढून आले तेव्हा ते दादाच्या बाजूचे होते. "पुस्तकं द्या," ते म्हणाले. "पाटी नको."

दादानं विरोध केला नाही. त्याची मुलगी आजीच्या खुर्चीशी जमिनीवर जाऊन बसली. तिनं आजीचा हात धरला नाही, पण तिथून हललीही नाही.

"बारके," काकू म्हणाली, "हे लिहून घे. तुमच्या वहीत."

"मला घेता येणार नाही, काकू. मी नात्यातली." या वेळी ती पळवाट नव्हती, आणि दादालाही ते कळलं असावं. "समितीवर बाहेरच्या एक बाई आहेत, निवृत्त न्यायाधीश. त्या घेतील. पण नीट विचार कर. एकदा नोंद झाली की ती राहते. त्यात तुझंही नाव राहील."

"राहू दे की."

बुधवारी अकराला काकू विद्यापीठात आली. दादानं स्वतः गाडी चालवत आणली, दवाखाना बंद ठेवून.

समितीची खोली तळमजल्यावर होती. तिला दोन दारं होती, एक पुढच्या व्हरांड्यात आणि एक मागच्या बागेकडे, म्हणजे तक्रार करणारी आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, यांची वाटेत गाठ पडायला नको. हे दुसरं दार फोडून घ्यायला बारकीला सहा वर्षं आणि चार अभियंते लागले होते. त्या दारातून तिनं शेकडो मुलींना आत घेतलं होतं. आज मात्र दार तिच्यासाठी बंद होतं, आणि ती बाहेरच्या बाकावर दादाच्या शेजारी बसली होती. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. तसं येऊ नये म्हणून भिंतीला अस्तरही तिनंच लावून घेतलं होतं.

दोघांत एक हात अंतर होतं. अर्ध्या तासात दादानं चारदा घड्याळ पाहिलं.

"तू साक्ष दिलीस," दादा शेवटी म्हणाला, "तेव्हा आईला माहीत आहे, हे तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "म्हणजे आमच्या घरात तू एकटीच होतीस."

 बारकीनं नुसती मान हलवली. समोरून चार मुली हसत-खिदळत गेल्या, त्यातल्या एकीनं "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं. दादा त्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

दार उघडलं आणि काकू बाहेर आली. चालताना थकलेली दिसत होती, पण मान ताठ होती.

"वाचून दाखवलं मला सगळं," ती म्हणाली. "बाई चांगल्या आहेत. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, 'मी तिचं ऐकून घेतलं नाही.' मी म्हटलं, हे खोडा. ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. ऐकून गप्प बसले, असं लिहा."

"लिहिलं?"

"लिहिलं. सही केली." काकू दोघांच्या मध्ये बसली. "आता ते वाक्य जाईल?"

"समितीपुढे येईल. मी त्या बैठकीत नसेन. पण जाईल असं वाटतंय. मग तिला पत्र जाईल, दुरुस्त अहवालाच्या प्रतीसकट."

"पत्र जाऊ दे. पण तिला माझ्याशी बोलायचं आहे का, विचारशील? नको म्हणाली तर राहू दे. तिचा हक्क आहे तो."

बारकीनं मैत्रिणीला निरोप लिहिला. चार ओळी लिहायला तिला बराच वेळ लागला, आयुष्यभर शब्दांशी खेळूनसुद्धा. काकूनं काय सांगितलं, कुठे सांगितलं, त्याची नोंद झाली, आणि तिला बोलायचं आहे, तुला नको असेल तर नाही म्हण. निरोप गेला. वाचल्याची खूणही आली. मग काहीच नाही. दादा पाण्याची बाटली घेऊन आला, काकू दोन घोट प्यायली. बागेतला माळी पाइप ओढत या टोकाकडून त्या टोकाला गेला.

मग फोन वाजला.

बारकीनं उचलला, फक्त "हो" म्हणाली, पलीकडचं ऐकलं, आणि फोन काकूपुढे धरला. "तीच आहे."

काकूनं फोन घेतला. दादा तिला म्हणाला, बसूनच बोल. पण बाकाची पाठ धरून, गुडघ्यांवर जोर देत, ती हळूहळू उभी राहिली. पदर नीट केला. आणि पंचाहत्तर वर्षांची ती बाई ताठ उभी राहून फोनमध्ये म्हणाली, "मी बोलतेय. तू आली होतीस, तेव्हा घरात होते ती."